साडेचारशेचा घसारा

सगळा बाजार त्याला मिलीग्रॅम म्हणत असे. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, हे त्याच्याच एखाद्या काट्यावर घालून पाहिलं असतं तर दोन्ही पारडी सारखी उभी राहिली असती. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. भाजी घ्यायला गेला की आधी भाजीवाल्याचा रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघणार, मग भाजी. काटा गिऱ्हाइकाच्या फायद्याने चुकत असला तरी मोठ्याने सांगून टाकणार, आणि मागच्या रांगेतल्या सगळ्यांच्या शिव्या खाणार. असा माणूस घरात असला की घराचं भलं होतं म्हणतात. म्हणणारे बहुधा दुसऱ्या घरात राहतात.

त्याच्या घरात त्याची बायको राहत होती. नऊ वर्षं ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, आरसा पुढे धरायचा, ‘छान दिसतंय’ म्हणायचं. डोळे तपासणारा गृहस्थ मागच्या खोलीत बसे. त्याने काढलेला नंबर चुकला की गिऱ्हाईक येऊन ओरडे ते हिच्यावर, आणि हिला नुसतं ऐकूनच कळे की चूक डाव्या डोळ्याची आहे की उजव्या. ‘मला त्या मागच्या खोलीत बसायचंय,’ असं ती नऊ वर्षं म्हणत होती. त्यासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. प्रवेशाला वयाची अट सदतीसची, आणि तिचं छत्तिसावं सरत आलं होतं, म्हणजे या खेपेला नाही तर कधीच नाही. पहिल्या वर्षाची फी पंच्याहत्तर हजार. ती तिने पै-पै साठवून वेगळ्या खात्यात ठेवली होती, आणि त्या खात्याला कुणी हात लावायचा नाही हा घरातला एकमेव कायदा होता.

तो मोडला गेला त्याची ही गोष्ट.

चौदा वर्षं मिलीग्रॅम एका उस्तादाच्या कारखान्यात कामाला होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, भिंतभर खिळ्यांना टांगलेली पारडी आणि उस्तादाचा खोकला. मग काटे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने त्याला बोलावलं. पगार दुप्पट, वर जॉइनिंग बोनस तीन लाख. अट एकच, दोन वर्षं नोकरी सोडायची नाही. सोडली तर बोनस परत. उस्ताद म्हणाला, “जा बाबा. माझ्याकडे राहून तुझ्या हाताला मिळणार काय, तर गंज.” आणि तोंड फिरवून खूप वेळ खोकला.

तीन लाखांतून कर कापून सव्वादोन लाख हातात आले. मिलीग्रॅमने ते नव्या खात्यात टाकले आणि खात्याकडे पाठ फिरवली.

“हा पैसा आपला नाही,” तो बायकोला म्हणाला. “दोन वर्षं झाली की आपला.”

बायकोने कपाळाला हात लावला. लोक बोनसमधून गाडी घेतात, निदान सोफा तरी घेतात. पण पुढे कळलं की हाच एक शहाणपणा त्याने सबंध प्रकरणात केला होता.

कंपनीत त्याला खुर्ची मिळाली, गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं, पण काटा काही मिळाला नाही. सकाळी मीटिंग, दुपारी सकाळच्या मीटिंगबद्दल मीटिंग. भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत ठिपके यायचे आणि एक ठिपका म्हणजे एक नादुरुस्त काटा, असं त्याला सांगण्यात आलं होतं. सात महिन्यांत त्याने एकही ठिपका प्रत्यक्षात पाहिला नाही. मग एके दिवशी एक म्हातारा दुकानदार आपला काटा लहान मुलासारखा कडेवर घेऊन थेट ऑफिसात आला. मिलीग्रॅम धावला. साहेबांनी त्याला अडवून शांतपणे सांगितलं, “काटा उघडायचा नाही. तक्रार क्रमांक उघडायचा.” दुपारच्या मीटिंगच्या आत त्याने राजीनामा लिहिला, आणि दुसऱ्या आठवड्यात तो परत उस्तादाच्या दोन खोल्यांत होता. पगार निम्मा, खोकला तोच. फार सुखात होता.

मग कंपनीचं पत्र आलं. बोनस परत करा. रक्कम तीन लाख.

मिलीग्रॅमने पत्र तीनदा वाचलं आणि फोन उचलला. पलीकडे पगार विभागातल्या बाई होत्या. त्यांचा आवाज इतका शांत की समोरच्याला उगाच आपण ओरडतोय असं वाटावं.

“बाई, मला मिळाले सव्वादोन. मी तीन कुठून परत करू?”

“बोनस तीनच होता.”

“पण पंच्याहत्तर सरकारला गेले. ते मी पाहिलेसुद्धा नाहीत.”

“तुमच्या नावाने गेले. म्हणजे तुम्हालाच मिळाले.”

ट्रक आधी भरलेला काट्यावर घेतात, मग रिकामा, आणि वजाबाकी करून माल किती ते कळतं. मिलीग्रॅमच्या पदरात फक्त माल पडला होता. कंपनी मागत होती ट्रकसकट, आणि ट्रक उभा होता सरकारच्या आवारात.

बाईंनी मात्र वाट दाखवली. आधी पूर्ण तीन लाख भरा. आर्थिक वर्ष संपायच्या आत रक्कम बोनस-परतीत जमा झाली, तर कंपनी त्याचा वर्षाचा कर नव्याने मांडणार, आणि जास्तीचे कापलेले पंच्याहत्तर हजार पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला त्याला देऊन टाकणार. वर्ष उलटलं तर मात्र कंपनीचे हात बांधलेले. मग कर कार्यालयात स्वतः अर्ज करायचा.

“किती वेळ लागतो तिथे?”

“लागतो,” बाई म्हणाल्या.

वर्ष संपायला महिना होता. फीची शेवटची तारीख वर्ष संपल्यावर वीस दिवसांनी. हिशेब जुळत होता. संध्याकाळी तो बायकोसमोर बसला आणि तोंड उघडायच्या आतच तिला कळलं.

“किती?” तिने विचारलं.

“पंच्याहत्तर. पाच तारखेला परत येतील.”

“आणि नाही आले तर?”

“येणारच. मी प्रत्येक कागद स्वतः तपासेन.”

यावर तिचा विश्वास होता. या माणसाने कागद तपासला की कागदाला घाम फुटतो, हे तिला ठाऊक होतं. तिने खात्याचं पुस्तक आणून त्याच्या हातावर ठेवलं आणि ती भांडी घासायला गेली. त्या दिवशी भांडी जरा जास्तच वाजली.

आता इथे उस्तादाच्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. काटा तपासायला खात्रीची वजनं लागतात, पितळेची. अशी वजनं सगळ्यांकडे सगळी नसतात, म्हणून कारागीर एकमेकांकडून उसनी नेतात. पितळ वापरलं की झिजतं. डोळ्याला दिसत नाही, पण झिजतं. म्हणून वजन परत करताना हजारामागे दीड या हिशेबाने त्याचा घसारा वर ठेवायचा. कुणी मागत नाही, आणि न ठेवणाऱ्याला पुन्हा कुणी वजन देतही नाही. चौदा वर्षांत ही रीत मिलीग्रॅमच्या रक्तात उतरली होती. बँकेत तीन लाखांचा भरणा लिहिताना त्याचा हात थांबला. सात महिने दुसऱ्याचा पैसा आपण ठेवून घेतला. हजारामागे दीड, म्हणजे साडेचारशे. त्याने तीन लाख साडेचारशे भरले, आणि एखादं पुण्यकर्म करावं तसा गुपचूप घरी आला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तीन आठवडे कंपनीकडून चकार शब्द नाही. वर्ष संपायला चार दिवस उरले तेव्हा मिलीग्रॅमने फोन केला. बाईंनी बराच वेळ बटणं दाबली.

“तुमचे पैसे आलेत,” त्या म्हणाल्या. “पण बोनस-परतीत नाही. इतर जमेत.”

“म्हणजे?”

“आम्ही मागितले तीन लाख, आले तीन लाख साडेचारशे. आकडा जुळला नाही की संगणक रक्कम इतर जमेत टाकतो. वर साडेचारशे कशाचे भरलेत तुम्ही?”

मिलीग्रॅमने घसारा समजावून सांगितला. पितळ, झीज, हजारामागे दीड, सगळं.

“मी इथे एकोणीस वर्षं आहे,” बाई म्हणाल्या. “कमी भरणारे रोज भेटतात. त्यांच्यासाठी आमच्याकडे तीन प्रकारचे फॉर्म आहेत. जास्त भरणारा मी पहिला पाहिला. तुमच्यासाठी काहीच नाही.”

“मग साडेचारशे मला परत करा, झालं.”

“कर परत द्यायची वाट वेगळी. जादा भरणा परत द्यायचा तर कर्मचारी क्रमांक चालू लागतो. तुमचा बंद झालाय.”

“मग ते कंपनीला ठेवून घेऊ द्या.”

“कशाबद्दल ठेवू? काहीतरी नाव द्यावं लागतं. घसारा आम्ही यंत्रांवर लावतो, माणसांवर नाही.”

“आणि इतर जमेतून काढता येत नाही?”

“फक्त बिलापोटी. आणि एकतीस तारखेला पाच वाजता आमचं वर्ष बंद होतं,” बाई म्हणाल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडी काळजी ऐकू आली असावी.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, समोरच्या खुर्चीच्या पायाकडे बघत होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

“साडेचारशे,” ती म्हणाली. “कुणी मागितले नव्हते.”

“नाही.”

“मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

“हो ना! म्हणूनच तर विचारायचं असतं!” ती ओरडली, आणि मग एकदम खाली बसली. “नऊ वर्षं रे. नऊ वर्षं मी लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवल्या.”

मिलीग्रॅमला स्वतःचीच लाज वाटली. साडेचारशेच्या चोखपणाचं बिल आपण दुसऱ्याच्या नावे फाडलं, हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं. त्याने एक गोष्ट केली, जी लग्नाच्या बारा वर्षांत कधी केली नव्हती. आपण होऊन सासऱ्यांना फोन लावला.

सासरे कर कार्यालयातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं एकाच टेबलावर बसून त्यांनी लोकांचे अर्ज परत पाठवले. प्रत्येक अर्जावर त्यांचा एकच शेरा असे, ‘खुलासा करा’. त्यामुळे कार्यालयात त्यांचं नाव खुलासासाहेब पडलं, आणि निवृत्त झाले तरी ते उतरलं नाही. मुलीने काटेवाल्याशी लग्न ठरवलं तेव्हा ते म्हणाले होते, “जो दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो, त्याच्याबरोबर संसार कसा होणार?” आपण चौतीस वर्षं दुसरं काय केलं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, म्हणून सासरे-जावई सणासमारंभापुरतेच भेटत, आणि म्यान मात्र मधल्या मधे रोज कापलं जाई.

खुलासासाहेब तासाभरात हजर झाले. कागद मागितले. चष्मा काढला, पुसला, घातला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि पुन्हा पहिल्या पानावर आले.

“जावईबापू,” ते म्हणाले, “लोक कर चुकवतात हे मी पाहिलंय. बुडवतात हेही पाहिलंय. तुम्ही कर परत मिळवायचा सोपा रस्ता स्वखर्चाने बंद केलात.”

“चुकलं, बाबा.”

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. जावयाच्या तोंडून हा शब्द ते प्रथमच ऐकत होते, त्यामुळे पुढचं वाक्य त्यांना गिळावं लागलं.

“कंपनीकडून नाहीच झालं, तर तुमच्या कार्यालयात अर्ज केला तर?” बायकोने विचारलं. “बाबा, तुमच्या ओळखी असतील ना?”

“आहेत की. माझ्या टेबलावर आता बसतो तो माझ्याच हाताखाली तयार झालेला. अतिशय हुशार. एकही अर्ज पहिल्या फेरीत सुटू देत नाही.” यात त्यांना अभिमान वाटत होता, तो बोलता बोलता मावळला. “असल्या अर्जात तो पहिली हरकत काय घेईल ते मी आत्ता सांगतो. ‘बोनसपेक्षा परतीची रक्कम जास्त कशी? खुलासा करा.’ दीड वर्ष तरी जाईल. माझ्याकडे तर एक अर्ज अकरा वर्षं होता.”

“कुणाचा?”

“असेल कुणाचा तरी.” ते खिडकीकडे बघू लागले. “त्या बाईला फीची तारीख होती की काय होती, तेव्हा मी विचारलं नाही.”

मग खुलासासाहेबांनी पुन्हा कागद ओढले, आणि यावेळी मात्र त्यांचं बोट एका शब्दावर थांबलं. पगारवाल्या बाईंचं बोलणं मिलीग्रॅमने नेहमीप्रमाणे तारीख-वेळेसकट टिपून ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘इतर जमेतून फक्त बिलापोटी.’

“जावईबापू, ही कंपनी विकते काय?”

“काटे.”

“मग घ्या की एक काटा. साडेचारशेचा. बिल त्या जमेतून वळतं करायला सांगा. मागे राहतात किती?”

“तीन लाख,” मिलीग्रॅम म्हणाला, आणि उभा राहिला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला सासऱ्यांना मिठी मारावीशी वाटली. सासऱ्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी घाईघाईने फाईल छातीशी धरली.

बोलायला सोपं, पण साहेबांची मंजुरी मिळवण्यात बाईंचे तीन दिवस गेले. एकतीस तारखेला दुपारी साडेतीनला तिघंही कंपनीच्या चौथ्या मजल्यावर पगार विभागात बसले होते. बायकोने दुकानातून अर्धा दिवस रजा घेतली होती. बाई प्रत्यक्षात ठेंगण्या आणि हसऱ्या निघाल्या. त्यांनी दरपत्रक टेबलावर पसरलं आणि चौघांची डोकी त्यावर वाकली.

साडेचारशेचा काटा नव्हता. सगळ्यांत स्वस्त स्वयंपाकघरातला, चकतीवर काटा फिरणारा, तीनशे पासष्टचा. पुढचा एकदम सहाशे दहा.

“तीनशे पासष्ट,” खुलासासाहेब म्हणाले. “उरले पंच्याऐंशी.”

“जादा ताटली साठ,” बाईंनी बोट ठेवलं.

“उरले पंचवीस.”

“तळाचे रबरी पाय, चारचा संच, अठरा.”

“सात उरतात. नको. पुढे बघा.”

“स्क्रूची पुडी,” बायको म्हणाली. तिला बारीक अक्षर वाचायची सवय होती. “पंचवीस.”

चार मोठी माणसं एका स्क्रूच्या पुडीवरून इतकी खूश झालेली त्या कार्यालयाने पाहिली नसतील. बाईंनी गोदामाला फोन केला. गोदामवाल्याने तासभर शोधाशोध करून काटा पाठवला, तोवर पावणेपाच होत आले होते. ‘हा शेवटचाच,’ त्याने चिठ्ठीत लिहिलं होतं. बाईंनी बिल छापलं आणि मिलीग्रॅमसमोर ठेवलं. सही केली की बिल आत, बिल आत गेलं की उरलेले तीन लाख बोनस-परतीत.

बिलाच्या तळाशी एक ओळ छापलेली होती. ‘माल तपासून, वजन अचूक असल्याची खात्री करून घेतला.’

मिलीग्रॅमने खोका उघडला.

“अरे,” बायको म्हणाली.

“एकच मिनिट.”

काटा शून्यावर होता. बाहेरच्या कपाटात शोभेसाठी शिक्का मारलेली पितळी वजनं मांडलेली होती. त्याने बाईंना विचारून अर्धा किलोचं आणलं आणि ताटलीवर ठेवलं. काटा फिरला आणि पाचशे बारावर उभा राहिला. मिलीग्रॅमने वजन उचललं, परत ठेवलं. पाचशे बारा.

“शून्य चुकलं असतं तर बाहेरून जुळवता आलं असतं,” तो हळूच म्हणाला. “हा दोष आतला आहे. मागचं झाकण उघडावं लागेल. वीस मिनिटं.”

घड्याळात पाचला अकरा मिनिटं कमी होती.

“सहीशेजारी शेरा लिहा,” खुलासासाहेब म्हणाले. “दोषासह स्वीकारला.”

“शेरा लिहिला की बिल रद्द होतं,” बाई म्हणाल्या. “त्या चौकटीत फक्त सही बसते.”

मिलीग्रॅमने पेन उचललं. पेन कागदाच्या वर आलं आणि तिथेच थांबलं. बारा ग्रॅम. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. काटा त्याचाच, घर त्याचंच. पण चौदा वर्षांत त्याने ‘अचूक’ या शब्दाखाली जिथे जिथे सही केली होती तिथे ते अचूक होतं, आणि याखेरीज त्याच्याजवळ अभिमान धरण्यासारखं फारसं काही नव्हतं. पाचला नऊ कमी. खुलासासाहेब उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. चौतीस वर्षं लोकांच्या सह्या भिंगातून पाहणारा माणूस बाहेरचे दिव्याचे खांब मोजू लागला.

“मी काही बघत नाहीये,” ते उगाचच मोठ्याने म्हणाले.

बायकोने नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे. हे तोंड ती ओळखत होती.

“राहू दे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. “नसेल होत तर राहू दे. काउंटर काही वाईट नाही.”

ती हे मनापासून म्हणत होती. तिने पर्सचा बंद खांद्यावर सरकवलासुद्धा, निघायच्या तयारीने. तेच त्याला सहन झालं नाही. ती भांडली असती तर त्याने वाद घातला असता. ती सोडून द्यायला तयार झाली, नऊ वर्षं सोडून द्यायला, त्याच्या बारा ग्रॅमसाठी.

त्याने सही केली. नेहमीसारखी, स्वच्छ, शेवटी टिंब देऊन.

बाईंनी कागद जवळजवळ हिसकावला. बटणं वाजली, कुठेतरी काहीतरी गोल गोल फिरलं, छपाईयंत्राने घसा खाकरला. पाचला चार मिनिटं कमी असताना बाईंनी एक कागद पुढे केला. बोनस परत, तीन लाख पूर्ण. जास्तीचा कर, पंच्याहत्तर हजार, देय पाच तारखेला. खुलासासाहेबांनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली, आणि आयुष्यात बहुधा प्रथमच कुणाच्या कागदावर त्यांना काहीही विचारायचं उरलं नाही.

तिघं जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मिलीग्रॅम पायरीवर बसला, खोका मांडीवर घेतला आणि खिशातून छोटा पेचकस काढला.

“आता कशाला?” सासरे म्हणाले. “सही झाली की.”

“म्हणूनच,” तो म्हणाला.

बायको त्याच्याशेजारी बसली आणि तिने ओंजळ पुढे केली. त्याने मागचे स्क्रू काढून एकेक करून तिच्या ओंजळीत टाकले. वरून पावलं वाजली. पगार विभागातल्या बाई कपाटातलं पितळी वजन घेऊन धापा टाकत खाली आल्या होत्या. “हे लागेल ना?” त्या म्हणाल्या, आणि कठड्याला टेकून बघत उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षं काटे बनवणाऱ्या कंपनीत काढून त्यांनी काटा उघडलेला कधी पाहिला नव्हता.

आतल्या स्प्रिंगचा हूक एका दात्याने पुढे बसला होता. त्याने तो मागे घेतला, वजन ठेवलं. पाचशे चार. पुन्हा जरासा. पाचशे. सव्वापाच वाजले होते.

“तू खोटी सही केलीस,” बायको हळू आवाजात म्हणाली. “लग्नाच्या नोंदवहीत सही करताना तू रजिस्ट्रारला तारीख तीनदा विचारली होतीस.”

“खोटी नाही,” तो म्हणाला. “थोडी लवकर केली.”

ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळे नव्हते, ओंजळीत स्क्रू होते. त्याने झाकण बसवलं आणि हात पुढे केला. तिने एकेक स्क्रू त्याच्या बोटांत दिला, आणि शेवटचा देताना म्हणाली,

“आता मला नापास होऊन चालायचं नाही.”